‘हे’ नावाचा फोल्डर

लॅपटॉपात दोन खोल्या असतात, हे मला सत्तरी उलटल्यावर कळलं. एकीचं नाव सी, दुसरीचं डी. ए आणि बी कुठे गेल्या असं मी विचारलं होतं. आमचे हे म्हणाले, होत्या पूर्वी, आता पडल्या. खरं सांगत होते की थट्टा करत होते, ते मला अजून माहीत नाही.

हे म्हणजे माझे यजमान. आमच्या वेळच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं, पुढे कुठे हळदीकुंकवाला कोणी फारच धरून बसलं तर घेतलं. एरवी हे, नाहीतर अहो. मी ते भक्तीने पाळलं असं कोणी समजू नये. जिभेला वळण पडलं ते पडलं. ह्यांनीही मला कधी नावाने हाक मारली नाही. ह्यांची हाक म्हणजे ‘ऐकलंस का’. पन्नास वर्षांत ही हाक इतक्यांदा ऐकली की ओ द्यायची की नाही, ते मी नुसत्या आवाजावरून ठरवायची. चहासाठी असेल तर पहिल्या हाकेला ओ देत नसे.

माझी शाळा चौथीपर्यंत. हे अलिबागेच्या एका कचेरीत कारकून होते. किहीमच्या अलीकडे आमची माडा-सुपारीची वाडी आहे. निवृत्त झाल्यावर ह्यांनी वाडीची पण कचेरी केली. प्रत्येक माडाला पत्र्याचा बिल्ला ठोकला आणि त्यावर रंगाने नंबर घातला. एकशे चाळीस माड, एकशे चाळीस बिल्ले. मग ते वादळ आलं आणि एका दुपारीत निम्मे माड आडवे झाले. लोकांनी खोडं कापून नेली, वाटा मोकळ्या केल्या. ह्यांनी पडलेल्या माडांचे बिल्ले गोळा केले, बांबूच्या खुंट्यांवर ठोकले आणि ज्या जागी जो माड होता तिथे ती खुंटी पुरली. नंबर दुसऱ्या माडाला दिला नाही.

त्याच सुमारास मुलाने लॅपटॉप आणला. मुलगा न्हावा शेव्याला कंटेनरच्या कामावर असतो. त्याच्या ऑफिसने जुने लॅपटॉप काढून टाकले, त्यातला हा एक. त्यात बोललेलं भरून ठेवता येतं, हे त्याने ह्यांना दाखवलं आणि ह्यांच्या मागे नवीन काम लागलं. रोज सकाळी वाडीत फेरी मारून आले की हे पडवीत टेबलाशी बसायचे आणि लॅपटॉपाला सांगायचे: नंबर एक, उभा. नंबर दोन, उभा, शेंडा वाळतोय. नंबर तीन, पडला. नंबर चार, पडला. असं एकशे चाळीसपर्यंत. वीस मिनिटं जायची.

मी एकदा म्हटलं, पडलेला काय रोज नव्याने पडतो? उभ्यांचं सांगा आणि उठा.

हे म्हणाले, “हजेरी घेताना गैरहजर पोराचंही नाव पुकारतात.”

हे सगळं ते सी मध्ये ठेवायचे. डी रिकामा. मी विचारलं तर म्हणाले, सी म्हणजे रोजची जागा आणि डी जपून ठेवायच्या वस्तूंसाठी. मग त्यात काहीच कसं नाही? तर म्हणाले, जपून ठेवण्यासारखं अजून काही झालं नाही. माझ्यासमोर म्हणाले. मी मनात ठेवलं.

हे ज्या दिवशी गेले त्या सकाळी आमचं वाजलं होतं. कारण सांगण्यासारखं नाही. बिल्ल्यांना परत रंग द्यायचा म्हणून माझं स्वयंपाकघरातलं पातेलं त्यांनी रंगाला घेतलं, एवढंच. मी मागे मोरीवर बोय मासे साफ करत बसले होते. पडवीतून हजेरी ऐकू येत होती. मध्येच ती थांबली आणि ‘ऐकलंस का’ आलं. मी ओ दिली नाही. थोड्या वेळाने परत आलं. आवाज जरा वेगळा होता, पण हात खवल्यांनी भरलेले आणि डोक्यात पातेलं. मी मनात म्हटलं, येऊ देत की उठून इकडे. मग काही आलं नाही. मी मासळी पुरी केली, मीठ-हळद लावली, हात धुतले आणि पडवीत गेले. हे टेबलावर डोकं टेकून बसले होते. लॅपटॉप चालूच होता आणि पडद्यावर आवाजाची रेघ सपाट पुढे सरकत होती.

डॉक्टर म्हणाले, क्षणाचा खेळ होता, तुम्ही जवळ असता तरी काही झालं नसतं. ते सगळ्यांनाच तसं सांगत असतील. शेजारीण मात्र सरळ विचारून मोकळी झाली, “हाक तरी मारली आसंल की वयनी त्यांनी. तुमी व्हतात खंय?” मी सांगितलं, मागे नळ चालू होता, मोरीवर पडवीतलं ऐकू येत नाही. तेच मुलाला सांगितलं, तेच भेटायला आलेल्या सगळ्यांना. कोणी खोटं धरलं नाही. मोरीवर बसून कोण बघणार होतं?

रेकॉर्डिंग मुलाने संध्याकाळी बंद केलं असं मला वाटत होतं, पण डॉक्टरांनी आल्या आल्या लॅपटॉप मिटून बाजूला ठेवला, तेव्हाच ते थांबलं होतं. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचं झालं होतं. मुलगा म्हणाला, आई, ठेवलंय, वाटेल तेव्हा ऐक. त्याने स्वतः ऐकलं नाही. मीही नाही. आधीच्या सकाळचं एखादं मी कधीतरी लावायची, चार-पाच नंबर ऐकायची, बंद करायची. शेवटचं कधी लावलं नाही. त्यात काय आहे ते मला माहीत होतं. किती वेळा आहे, ते पक्कं माहीत नव्हतं. मला दोनदा आठवतं. तीनदाही असेल.

पुढच्या वर्षी मी वाडीतल्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला लागले. मुंबईचे लोक येतात, शनिवार-रविवार राहतात. मुलाच्या आग्रहाने फाटकावर कॅमेरा बसवला. बसवणारा माणूस अलिबागेहून आला. त्याने कॅमेरा लॅपटॉपाला जोडला. फाटकापाशी काही हललं की तो तेवढं टिपतो आणि भरून ठेवतो. त्याच माणसाला मी सांगितलं, ह्यांची सगळी रेकॉर्डिंग इकडेतिकडे पडली आहेत, एका जागी कर. तो म्हणाला, काकू, डी रिकामा आहे, तिकडे टाकतो, जपून राहील. मी म्हटलं, नको, जिथे आहेत तिथेच राहू देत. त्यांच्या जपून ठेवण्याच्या जागेत मी त्यांना ठेवणार नव्हते. मनातलं अजून गेलं नव्हतं.

“फोल्डरला नाव काय देऊ, काकू?” त्याने विचारलं.

मी म्हटलं, बाजूला सर, मी देते. त्याने मराठी अक्षरं कशी येतात ते दाखवलं. मी ‘हे’ असं टाइप केलं.

पावसाळ्यानंतर लॅपटॉप अडखळायला लागला. पाहुण्यांची बुकिंग उघडायला जावं तर गोल फिरत राहायचं, आणि एक लाल पट्टी सारखी वर यायची. सी भरला होता. डी तसाच मोकळा. मी नातीला फोन केला. मुलाची मुलगी, मुंबईत कॉलेजात आहे, तिकडेच हॉस्टेलवर राहते. तिला पडद्यावरचे आकडे वाचून सांगितले की तिला तिकडे बसून माझा लॅपटॉप दिसतो. बाण आपल्याआप हलायला लागतो. मला ते अजून बघवत नाही. घरात मी एकटी आणि टेबलावर कोणीतरी शोधतंय.

“आजी, कॅमेऱ्याने सगळा सी खाल्लाय,” ती म्हणाली. “कुत्री, झावळ्या, दूधवाला. हे ठेवायचंय का?”

माझा चष्मा कपाळावर होता. बाण कुठे उभा आहे ते मला दिसत नव्हतं. मला वाटलं ती फोल्डरचं नाव वाचतेय.

“हे राहू दे,” मी म्हणाले. “ह्यांना हात लावू नकोस. बाकीचं सगळं काढ.”

“नक्की? सगळं?”

“सगळं.”

ती म्हणाली, बरं. पाच मिनिटांत लाल पट्टी गेली. मी तिला शाबास म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला मी ह्यांची एक सकाळ लावायला गेले, तर फोल्डर नव्हता. चष्मा नीट घालून बघितलं. डी मध्ये बघितलं. तिथे कॅमेऱ्याचं सगळं ओळीने लावून ठेवलेलं. कुत्री, झावळ्या, दूधवाला. नातीने ते सगळं जपून डी मध्ये हलवलं होतं. मी फोन केला. ती क्लासला निघाली होती.

“आजोबांचं तिथे होतं?” तिने विचारलं. “मी आधी त्यांच्या नावाने शोधलं होतं, आजी. मुद्दाम शोधलं. काहीच आलं नाही.”

“नावाने कसं येईल? मी कधी नाव घेते?”

“मग काय नाव दिलं होतंस?”

“हे.”

“हे म्हणजे काय?”

“हे म्हणजे हे. तुझे आजोबा.”

मग ती हळू म्हणाली की तिने तो फोल्डर बघितला होता. नाव बघून वाटलं अर्धवट टाइप होऊन राहिलंय. आत नुसते आकडे होते. मी सगळं म्हटलं म्हणून सगळं काढलं, कचरापेटीसुद्धा रिकामी केली. मी रागावले नाही. रागावायला तोंड नव्हतं. बोलले मीच होते.

मग एकदम तिचा आवाज बदलला. “आजी, लॅपटॉप आत्ता चालू आहे?”

“आहे.”

“आणि कॅमेरा?”

“तोही.”

“बंद कर. बटण दाबून धर, आत्ताच.”

मी दाबून धरलं. पडदा काळा झाल्यावर तिने समजावून सांगितलं. पुसलं म्हणजे गेलं असं नसतं. यादीतून नाव तेवढं जातं. जागा मोकळी दिसते, पण आतलं तिथेच पडून असतं, वर दुसरं काहीतरी येऊन बसेपर्यंत. नवीन लॅपटॉप असता तर कालच संपलं असतं, हा जुना आहे म्हणून आशा. पण कॅमेरा नवीन टिपलेलं सी मध्येच टाकत होता. काल दुपारपासून जे जे फाटकापाशी हललं ते सगळं ह्यांच्या अंगावर पडत होतं. किती पडलं ते बघितल्याशिवाय कळणार नाही. शनिवारी येते म्हणाली. तो गुरुवार होता.

दोन दिवस लॅपटॉप टेबलावर मिटून ठेवलेला. वर काही येऊन बसलं की गेलं, असं ती म्हणाली होती. त्याचा अर्थ आत आहे, बाहेर नाही, एवढं मला कळतं. तरी मी टेबलावरचं वर्तमानपत्र उचललं, चष्म्याचं घर उचललं. शेजारणीने केळ्यांचा फणा आणून लॅपटॉपावर ठेवला, तो मी असा ओढला की दोन केळी खाली पडली. ती म्हणाली, “न्हाय आवडत तं सांगायचं. फेकायची कशाला?” तिला काय सांगणार. त्या आठवड्याला येणारे पाहुणे मी फोन करून थांबवले. फाटकाला आतून दोरी बांधली. कॅमेरा बंद होता, तरी.

शुक्रवारी तिसऱ्या प्रहरी मी वाडीत गेले. वारा पडलेला. एकेचाळीसच्या खुंटीपाशी होते तेव्हा मागे नारळ पडला. धप्प, मग एक लहानसं गडगडणं. नारळ पडल्याचा आवाज मला कोणी शिकवायला नको, लग्न होऊन आल्यापासून ऐकते. मी वळून बघितलं. त्या पट्ट्यात वादळानंतर एक माड उरलेला नाही. नुसत्या खुंट्या. पालापाचोळा पायाने सारला, नारळ नव्हता. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. मी घरी आले आणि चहा केला. दोन कप केला, तो चुकून. एक ओतून टाकला.

शनिवारी नात सकाळच्या लाँचने मांडव्याला उतरली आणि रिक्षा करून आली. जेवलीसुद्धा नाही. तिने एक पेन ड्राइव्ह आणला होता. त्यावरूनच सगळं चालवायचं, सी वर काही उतरवायचं नाही, आणि जे सापडेल ते डी मध्ये ठेवायचं. मी म्हटलं, आधी डी मधली कुत्री काढ. तिने काढली.

दुपारचे दोन वाजले. एकेक मिळायला लागलं. नाव नाही, तारीख नाही, नुसता अनुक्रमांक. कशात दोन मिनिटं आवाज, कशात सगळं ठीक. नाव-तारीख गेल्यामुळे कुठली सकाळ कुठली ते सांगता येईना. नात म्हणाली, शेवटचं कसं ओळखायचं? मी म्हटलं, सगळ्यांत लांब असेल ते. त्या दिवशी बंद करायला कोणी नव्हतं.

तसं एक होतं. चाळीस मिनिटांच्या वरचं. ती माझ्याकडे बघत राहिली. आजी, लावू की तू एकटी ऐकतेस? तिला माहीत होतं ते एवढंच, की आजोबा बोलता बोलता गेले.

मी म्हटलं, “लाव. आजोबा बोलायचे तेवढाच आवाज ठेव. मोठा नको. मी मागे जाते, मग लाव.”

“मागे कशाला?”

“सांगितलं तेवढं कर.”

मी मोरीवर गेले. त्याच दगडावर बसले. नळ सोडला, त्या दिवशी होता तेवढाच. मग पडवीतून आलं: नंबर एक, उभा. नंबर दोन, उभा. शब्द न शब्द. खुर्ची करकरली ती करकर. मध्ये हे एकदा खोकले, तो खोकला. माझ्या पातेल्याचा आवाजही त्यात होता, मी आत आदळलं होतं ते. सतरा, पडला. अठरा, पडला. मी बसून राहिले. दोन वर्षं मी लोकांना सांगत होते की मोरीवर ऐकू येत नाही, आणि सांगून सांगून मलाही अधूनमधून तसं वाटायला लागलं होतं.

नंबर बासष्ट, उभा. नंबर त्रेसष्ट, असं म्हणाले आणि खरखर सुरू झाली. खरखरच. ती थांबेना. त्रेसष्ट उभा की पडला ते नाही, आणि पुढचंही काही नाही.

नातीने पडवीतून सांगितलं, “आजी, इथून पुढे कॅमेऱ्याचं बसलंय. हे आता नाही निघणार.”

बसलेलं काय असेल? दूधवाला असेल, किंवा एखादं कुत्रं फाटक हुंगून गेलेलं. मी नळ बंद केला. मला हायसं वाटायला हवं होतं. हाक गेली, पुरावा गेला, आता मोरीची गोष्ट कोणी खोटी ठरवू शकणार नव्हतं. तसं वाटलं नाही. जोवर ते सी मध्ये पडून होतं तोवर मला बोलायची गरज नव्हती. ठेवलेलं होतं. कधी ना कधी कोणीतरी लावलं असतं, आणि ज्याचं त्याला कळलं असतं. आता ती हाक माझ्याखेरीज कुठेच नव्हती. आणि मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे.

“आजी, तिथपर्यंत आवाज आला का?” नातीने विचारलं.

मी पडवीत आले. ती ह्यांच्या खुर्चीत बसली होती. मी समोरच्या बाकड्यावर बसले.

“आला,” मी म्हणाले. “तेव्हाही आला होता. ह्यांनी दोनदा हाक मारली. मी ऐकली आणि ओ दिली नाही. मासळी पुरी केली, मग आले.”

तिचा चेहरा मी बघितला नाही, लॅपटॉपाकडे बघत होते. ती म्हणाली, “बाबांना माहीत आहे?”

“नाही. तू सांगू नकोस. मी सांगेन.”

मुलाला मी पुढच्या रविवारी सांगितलं. तो ऐकून वाडीत निघून गेला आणि संध्याकाळी जेवायला आला. त्याने काय म्हटलं ते मी इथे लिहिणार नाही.

त्या शनिवारी पडवीत खरखर अजून चालूच होती. नातीने बंद करायला हात पुढे केला. मी म्हटलं, राहू दे, संपेपर्यंत चालू दे. ती राहिलेली सगळी मिनिटं आम्ही दोघी तशाच बसलो. खरखरीत कुठे फट पडून हाक येते का म्हणून मी कान देऊन होते. आली नाही.